उसने शब्द आता पुरेत

दोन वर्षांपूर्वी आमच्या परिचयातील एका घरी आजोबांचे निधन झाले. वय नव्वदीच्या घरात. हयात सारी केळीच्या बागेत आणि पानवेलीच्या मांडवाखाली गेलेली. महिन्याच्या मिस्सानंतर त्यांच्याविषयी चार शब्द वाचून दाखवावेत असे ठरले आणि घरातील पदवीधर नातवंडांची मोठी पंचाईत झाली. विहीर कोणी खोदली, रहाट बंद होऊन इंजिन केव्हा आले, आजोबा सुकेळी घेऊन कोणत्या बाजारात जात, यांतले काहीच कोणाला धड सांगता येईना. अखेर एका नातवाने मोबाइलमधून आजोबांना वटवृक्षाची उपमा देणारा एक तयार मजकूर शोधून काढला आणि तोच वाचण्यात आला. मजकूर गोड होता. तो जगातल्या कोणत्याही आजोबांना लागू पडला असता. या आजोबांचे त्यात काहीच नव्हते.

ही फजिती एकाच घराची असती तर आम्ही ती येथे मांडली नसती. आज आपल्या प्रत्येक घरात दोन-चार मोबाइल आहेत आणि पहाटेच्या सुविचारापासून रात्रीच्या विनोदापर्यंत शेकडो शब्द आपण रोज पुढे ढकलत असतो. त्यांतला बहुधा एकही आपला नसतो. अक्षरओळख नसलेल्या आपल्या पणजीच्या तोंडी लग्नाची, जात्यावरची, बाळाला झोपवण्याची गाणी होती, आणि त्यांत ती स्वतःची एखादी ओळ सहज घालीत असे. आपण तिच्याहून पुष्कळ शिकलो आणि शब्दांच्या बाबतीत मात्र उसनवारीवर जगू लागलो. हे वाक्य कोणाला बोचले तर त्याबद्दल आम्ही क्षमा मागणार नाही. ते बोचावे म्हणूनच लिहिले आहे.

आमचे मागणे थोडे आहे. प्रत्येक घरातून निदान एका माणसाने स्वतःच्या नावाने, ठरल्या दिवशी, आपले असे थोडे लिहावे आणि ते निदान दहा माणसांसमोर ठेवावे. रोजनिशी कुलपात राहते आणि तिला कोणी जाब विचारीत नाही, म्हणून रोजनिशीवर आमचे समाधान नाही. वृत्तपत्र काढा असेही आम्ही म्हणत नाही. येथे लेखक, संपादक आणि टपाल पोचवणारा एकच माणूस असेल. अशा लेखनाला आपण सोयीसाठी ‘एकहाती पत्र’ म्हणू. ते कागदावर लिहून झेरॉक्स काढा किंवा मोबाइलवर टाइप करून पाठवा. साधनाविषयी आमचा काही हट्ट नाही.

हे मागणे मांडले की तीन आक्षेप हटकून पुढे येतात. त्यांचा समाचार घेणे भाग आहे.

पहिला आक्षेप असा, की लिहिणे हे लेखकांचे काम, आपण साधी माणसे. या आक्षेपाला लक्ष्मीबाई टिळकांनी कायमचे उत्तर देऊन ठेवले आहे. बाई शाळेत गेल्या नव्हत्या. घरातली भांडणे, फजित्या, सोवळेओवळे, भूक, प्रवास, पतीचे धर्मांतर आणि त्यानंतरची ताटातूट हे सारे त्यांनी बोलावे तसे लिहिले. १९३४ पासून भागाभागांनी पुस्तकरूपाने आलेली त्यांची ‘स्मृतिचित्रे’ आज मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणली जातात. त्यांनी जर विद्वानांसारखे लिहायचे ठरवले असते तर ते पुस्तक कोणाच्या स्मरणातही राहिले नसते. आपल्या घरातली भाषा हेच त्यांचे भांडवल होते, आणि ते आपल्यापाशीही आहे.

दुसरा आक्षेप वेळेचा. सॅम्युएल जॉन्सन हा इंग्रज ग्रंथकार इंग्रजी शब्दकोशाच्या प्रचंड कामात बुडालेला असतानाच, मार्च १७५० ते मार्च १७५२ या दोन वर्षांत, दर मंगळवारी आणि शनिवारी ‘रॅम्बलर’ नावाचे पत्र काढीत होता. अंक निघाले २०८, आणि मोजके अपवाद सोडता सारे त्याच्या एकट्याच्या हातचे. या जॉन्सनवर विष्णुशास्त्री चिपळूणकरांची मोठी भक्ती होती. शास्त्रीबोवांनी १८७४ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, शिक्षकाची नोकरी सांभाळून ‘निबंधमाला’ हे मासिक सुरू केले आणि जवळजवळ एकहाती त्याचे ८४ अंक लिहिले. १८८२ मध्ये, वयाची बत्तीस वर्षे पुरी होण्याआधीच, ते गेले. निबंधमालेतील पुष्कळ मते आम्हांला मान्य नाहीत. मिशनऱ्यांवर आणि जोतीराव फुल्यांवर त्यांनी जो तिखट मारा केला, तो वाचताना आजही मन खट्टू होते. परंतु ज्याच्याशी भांडण आहे त्याच्याकडूनही शिस्त शिकता येते. नोकरी सांभाळून ज्याने एवढे लिहिले, त्याच्यापुढे महिन्यातून दोन पाने लिहायला वेळ नाही असे सांगताना आपली जीभ जरा अडखळली पाहिजे.

तिसरा आक्षेप सर्वांत घातक आहे: हे वाचणार कोण? या प्रश्नामागे एक नवी अंधश्रद्धा दडलेली आहे. ज्याला हजार अंगठे मिळाले ते लेखन मोठे आणि ज्याला सात मिळाले ते वाया गेले, असे आपली मुले मानू लागली आहेत. लेखनातून अधिकाधिक लाभ कसा उठवावा हे शिकवणारे पंडितही आता गल्लोगल्ली भेटतात. त्यांचा उपदेश ठरलेला असतो: लोकांना आवडेल तेच लिहा, मथळा भडक द्या, रोज काहीतरी टाका, संख्या वाढवा. हा उपदेश दुकानदाराला शोभेल. ज्याला आपल्या आजीविषयी लिहायचे आहे त्याने तो ऐकला, तर चार महिन्यांत आजी बाजूला राहील आणि मथळा तेवढा उरेल.

संख्येचा हिशेबच करायचा तर नीट करू. जॉन्सनच्या त्या पत्राची किंमत दोन पेन्स होती आणि अंकाचा खप क्वचितच पाचशेच्या वर गेला. पुढे त्याचीच पुस्तके झाली, त्याच्या हयातीतच त्यांच्या अनेक आवृत्त्या निघाल्या, आणि आज पावणेतीनशे वर्षांनी आपण त्याविषयी बोलत आहोत. दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे. न्यूयॉर्कमध्ये डोरोथी डे या कॅथलिक बाईंनी १ मे १९३३ रोजी ‘कॅथलिक वर्कर’ हे पत्र सुरू केले तेव्हा २,५०० प्रती काढल्या. छपाईचा खर्च ५७ डॉलर, अंकाची किंमत एक सेंट. त्या पत्रात बाई वर्षानुवर्षे आपले सदर लिहीत राहिल्या. १९८० मध्ये त्यांचा मृत्यू झाला तोपर्यंत ते चालू होते. त्या सदरात मोठे सिद्धान्त कमी आणि दारी आलेली माणसे, त्यांना दिलेला पाव आणि कॉफी, घरातली आजारपणे, प्रवास हेच अधिक असे. रोजचे जगणे इतक्या निष्ठेने लिहिले गेले, की तेच अखेर एका काळाचे साक्षीपत्र झाले.

मग लाभ कशात आहे? आमच्या मते लाभ तीन, आणि तिन्ही संख्येबाहेरचे आहेत. ठरलेली तारीख जवळ आली की माणूस आठवडाभर डोळे उघडे ठेवून हिंडतो. काल जे दिसत नव्हते ते त्याला दिसू लागते. नाव खाली घालायचे म्हटले की तो ऐकीव गोष्ट पारखून घेतो, कारण चुकीचा जाब त्यालाच द्यायचा असतो; पुढे ढकललेल्या मजकुराचा जाब कोणीच देत नाही. तिसरा लाभ वाचकाच्या उत्तराचा, आणि तो आम्हांला अनुभवाने कळला.

आम्ही स्वतः गेली नऊ वर्षे दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दोन पाने लिहून नातलगांना आणि शेजाऱ्यांना पाठवीत आहोत. आरंभी अकरा घरे होती, आज अडतीस आहेत. एकदा आम्ही गावच्या एका विहिरीविषयी लिहिले. आठव्या दिवशी पंचाहत्तरीच्या एक मावशी काठी टेकीत आमच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, “बाबा, तू नाव चुकीचे लिहिलेस. ती विहीर त्यांची नव्हे, माझ्या आजेसासऱ्यांनी ती बांधली.” त्या दिवशी मावशी दोन तास बोलल्या, आणि पुढच्या महिन्याची चार पाने त्यांच्याच तोंडची निघाली. आम्ही चूक केली नसती तर ती चार पाने मावशींबरोबरच गेली असती. हजार अंगठ्यांनी आम्हांला हे दिले असते काय?

ज्यांना आरंभ करायचा आहे त्यांच्यासाठी अनुभवाचे चार बोल सांगतो. दिवस एकच ठरवा आणि तो मोडू नका. मजकूर कमी पडला तर अर्धे पान पाठवा, पण दिवस चुकवू नका. एका वेळी एकच विषय घ्या, आणि तो हाताला लागेल एवढा लहान असू द्या: ‘आमचे बालपण’ असे न लिहिता घरातला एक पेटारा, एक लाल लुगडे, एका पावसाळ्यातला एक दिवस लिहा. बोलीतला शब्द बोलीतच ठेवा. आपल्यापैकी ज्यांच्या घरी सामवेदी, वाडवळी वा अन्य बोली आहे, त्यांनी तिला प्रमाण मराठीचा कोट चढवू नये. अर्थ हवा तर पुढच्या वाक्यात सांगावा. आणि घरातली उणीदुणी, जिवंत माणसांची आजारपणे, भावाभावांतले जमिनीचे वाद यांना या पत्रात थारा देऊ नका. सत्य सांगणे आणि दुसऱ्याचे सत्य त्याच्या परवानगीवाचून सांगणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणखी एक, आणि ते कळकळीने. लिहिलेले आपल्या ताब्यात ठेवा. एकेकाळी ऑर्कुटवर आपल्या तरुणांची केवढी गर्दी असे. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. परक्याच्या अंगणात मांडलेला संसार अंगणाच्या मालकाच्या मर्जीवर असतो. शहाणपण शिकवायला आम्हीही पात्र नाही. आमचा मोबाइल एकदा विहिरीत पडला आणि चौदा महिन्यांचे लेखन त्याच्याबरोबर गेले. त्यातले थोडे परत मिळाले, ते एका भाचीने छापून फाइलला लावून ठेवले होते म्हणून. तेव्हापासून प्रत्येक पत्राची एक प्रत कागदावर, एक आमच्यापाशी आणि एक दुसऱ्या घरी असा आमचा नेम आहे.

वाचकहो, १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली. पोर्तुगीजांचे कागद आहेत, पेशव्यांची पत्रे आहेत. गोव्याला कोणी काय कळवले, पुण्याला कोणी काय कळवले, ते वाचता येते. पण त्या साली किल्ल्याबाहेरच्या एखाद्या वाडीत राहणाऱ्या कुटुंबाने ते दिवस कसे काढले, बाग कोणी शिंपली, मुले कोठे लपवली, हे त्या कुटुंबाने स्वतः लिहिलेले एक पानही आमच्या पाहण्यात नाही. त्यांना लिहिता येत नव्हते. त्यांना दोष कसा द्यावा? आपल्याविषयी मात्र पुढची पिढी ही सबब मानणार नाही. आपल्याला लिहिता येते, साधने हातात आहेत, आणि वाडीच्या जागी इमारती उभ्या राहताना आपण डोळ्यांनी पाहत आहोत.

येत्या शनिवारी पहिले अर्धे पान लिहा. विषय सुचत नसेल तर घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ बसा आणि घरची विहीर कोणी खोदली एवढेच विचारा.