या वयात कशाला?

ईलिंगमधील आपल्या अनेक घरांत ऐंशी ओलांडलेली वडील माणसे आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु त्यांपैकी कोणास तोंडाचा वा चेहऱ्याचा कर्करोग झाला, की घरात एकच उद्गार निघतो : "आता या वयात शस्त्रक्रिया कशाला?" या उद्गाराचा विचार व्हावा, असे आम्हांस वाटते.

गाठ काढल्यावर पडलेली पोकळी शरीराच्याच दुसऱ्या भागातील कातडीने वा मांसाने भरून काढणे, ही पुनर्रचना होय. तो केवळ रूपाचा प्रश्न नव्हे. ओठ मिटले नाहीत तर चहा सांडतो. जीभ वळली नाही तर शब्द उमटत नाही. सर्व मंडळी मलीद्याच्या ताटाभोवती बसली असता ज्यास लाजेने आत जाऊन बसावे लागते, त्याला वाढलेल्या आयुष्याचे सुख ते काय?

ही विद्या आपणांस परकी नाही. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नामक गाडीवानास पुण्याकडील एका कारागिराने कपाळाच्या कातडीचे नाक करून दिले. ती हकीकत १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली आणि १८१४ साली जोसेफ कार्प्यू यांनी तीच पद्धत लंडनमध्ये अवलंबिली. नाकासाठी कपाळाची कातडी आजही वापरतात.

जिभेचे वा जबड्याचे काम मात्र मोठे. मनगटाजवळची कातडी रक्तवाहिनीसह काढून मानेतील रक्तवाहिन्यांस सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात; त्यास आठ-दहा तासही लागतात. वृद्धांतही ती कातडी बहुधा जगते. परंतु हृदयाचे, फुप्फुसांचे व भ्रमाचे उपद्रव त्यांना अधिक होतात. म्हणून वयाच्या आकड्यापेक्षा प्रकृती पाहावी.

आणि निर्णय कोणाचा? इंग्लंडचा २००५ चा मानसिक क्षमता कायदा प्रौढ माणसास निर्णयसमर्थ गृहीत धरतो. आपण मात्र वडिलांपासून रोगाचे नावही लपवितो. डॉक्टरांचे बोलणे मराठीत सांगताना निम्मे गाळतो. हेतू मायेचा असतो, हे खरे. पण वर्गात शिकविताना आम्ही एक शिकलो : ज्याने उत्तर द्यावयाचे, त्यास प्रश्न पूर्ण ऐकू द्यावा. रुग्णालयाकडे दुभाषा मागावा आणि विचारावे : तोंडाने जेवता येईल काय? पुन्हा आपल्या पायांनी चालता येईल काय? शस्त्रक्रिया न केल्यास पुढे काय?

आमच्या परिचयातील एका आजोबांनी हे सर्व ऐकून "करा" म्हटले. एका आजींनी "नको" म्हटले. दोन्ही उत्तरे आम्हांस योग्य वाटली, कारण ती त्यांची स्वतःची होती. मातापित्यांचा मान राखावा, ही आज्ञा आपण लेकरांस पाठ करवितो. त्यांना विचारणे, हाही त्या मानाचाच भाग आहे.