शहराबाहेर गेलेले मैदान

वर्धा रोडने नागपूरबाहेर पडावे, विमानतळ मागे टाकावा, मिहानचा परिसर ओलांडावा, की जामठ्याच्या माळावर विदर्भ क्रिकेट असोसिएशनचे स्टेडियम दिसू लागते. सुमारे पंचेचाळीस हजार प्रेक्षकांची ही वास्तू देखणी आहे, यात शंका नाही. पण सामन्यासाठी परगावाहून आलेला पाहुणा विमानतळ, हॉटेल आणि स्टेडियम एवढेच पाहतो, तेही एकाच रस्त्यावर, आणि नागपूर पाहिल्याच्या समाधानात परत जातो. नागपूर त्याला भेटलेलेच नसते.

सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या मैदानाचे तसे नव्हते. ऑक्टोबर १९६९ मध्ये तिथे न्यूझीलंडविरुद्ध पहिला कसोटी सामना झाला. आपण तो हरलो, पण नागपूरकरांना त्याचे अप्रूप वेगळेच होते. १९५६ मध्ये या शहराची राजधानी गेली होती. नागपूर करारामुळे वर्षातून एक अधिवेशन पदरात पडले, तेवढेच. अशा शहराला कसोटीचे केंद्र होण्यात आपली पत परत मिळाल्यासारखे वाटले तर नवल नाही. विधानभवन, उच्च न्यायालय आणि सदरचा बाजार यांच्या शेजारी ते मैदान होते. बर्डीवरून लोक डबा घेऊन सायकलने, नाही तर चक्क पायी जात. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी चेतन शर्माने विश्वचषकातली पहिली हॅट्ट्रिक इथेच घेतली, आणि त्याच दिवशी सुनील गावसकरांनी ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा करून एकदिवसीय कारकिर्दीतले आपले एकमेव शतक पूर्ण केले.

मात्र जुन्या मैदानाच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी २६ नोव्हेंबर १९९५ हा दिवसही विसरू नये. न्यूझीलंडविरुद्धच्या सामन्यात, दोन डावांच्या मधल्या सुटीत, पूर्वेकडच्या स्टँडमधली भिंत कोसळली आणि नऊ प्रेक्षकांचा जीव गेला. सामना पुढे चालूच राहिला. भर वस्तीतल्या मैदानाला गर्दी पेलण्याच्या मर्यादा असतात. मोकळी जागा, रुंद दारे, वाहनतळ हे सारे शहराच्या मध्यभागी मिळणे कठीणच. तेव्हा मैदान बाहेर नेण्यात चूक झाली, असे कोणी म्हणू नये.

प्रश्न आहे तो पुढचा. नोव्हेंबर २००८ मध्ये जामठ्याला पहिली कसोटी झाली. सौरव गांगुलीची ती अखेरची, आणि ऑस्ट्रेलियाच्या जेसन क्रेझाने पदार्पणातच बारा बळी घेतलेली. तेव्हापासून २०२५ अखेरपर्यंत इथे किती कसोट्या झाल्या? सात! एकदिवसीय, टी-ट्वेन्टीचे सामने धरले तरी मोठ्या गर्दीचे दिवस मोजकेच भरतात. त्या मोजक्या दिवशी मात्र चाळीस हजार माणसे रात्री एकाच महामार्गावर उतरतात. ज्याच्याकडे गाडी नाही, त्याने सामना पाहावा की शेवटच्या बसची काळजी करावी? मेट्रो २०१९ मध्ये खापरीपर्यंत धावू लागली. तिथून पुढे बुटीबोरीकडे नेणाऱ्या दुसऱ्या टप्प्याला केंद्राची मंजुरी मिळाली ती डिसेंबर २०२२ मध्ये. स्टेडियम आधी आणि रस्त्याचा विचार मागाहून, अशी ही आपली जुनीच रीत.

जमेची बाजूही लिहिली पाहिजे. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी खेळतो आहे. कित्येक वर्षे हा संघ म्हणजे इतरांना सहज गुण देणारा पाहुणा होता. साठ वर्षांनी, २०१७-१८ च्या हंगामात, फैज फजलच्या संघाने इंदूरला दिल्लीला हरवून करंडक आणला. पुढच्याच वर्षी जामठ्यावर सौराष्ट्राला नमवून तो राखला, आणि २०२५ मध्ये याच मैदानावर केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा जिंकला. कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव इथूनच भारतासाठी खेळायला गेला. चांगली खेळपट्टी, सरावाच्या सोयी आणि चंद्रकांत पंडितांसारखा कडक प्रशिक्षक मिळाला की काय होते, ते दिसले.

पण आपल्याच पोरांचा हा पराक्रम पाहायला खुर्च्या भरत नाहीत. पूर्वी शाळा सुटल्यावर मुलगा मैदानात डोकावून यायचा. आता त्याला वडिलांची गाडी आणि वडिलांची सुटी, दोन्ही जुळावे लागते. रणजीच्या दिवसांत बर्डीवरून शाळकरी मुलांसाठी चार बसगाड्या सोडायला असा कितीसा खर्च येतो? आणि परगावच्या पाहुण्याला परतीच्या वाटेने झिरो माइल, सीताबर्डीचा किल्ला, दीक्षाभूमी आणि महालातल्या जुन्या गल्ल्या दाखवून, तर्रीपोहे खाऊ घालून पाठवायला कोणाची मंजुरी हवी?

मैदान शहराबाहेर गेले, ते परत येणार नाही. पण शहराने मैदानापर्यंत जायचे की नाही, हे अजून ठरायचे आहे. स्टेडियम सिमेंटने उभे राहते. ते गावाचे होते, ते मात्र रोज येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांमुळे.