शिकवायला यायचे, तर पाच वर्षे जगायचे कसे?

कर्जत, नेरळ, खोपोलीहून पहाटेची लोकल पकडून ऐरोली-महापेच्या कंपन्यांत जाणाऱ्या संगणक अभियंत्यांपैकी कुणाला आपल्याच तालुक्यातल्या हायस्कुलात गणित-विज्ञान शिकवावेसे वाटले, तर नियम आड येत नाही. विज्ञान-गणिताची बैठक आणि ५५ टक्के गुण असलेला अभियंता बी.एड.ला पात्र ठरतो. आड येतो तो हिशोब. २०१५पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले. पुढे अभियोग्यता चाचणी, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरची प्रतीक्षा आणि अनुदानित शाळेत नेमणूक मिळालीच, तर तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून दरमहा १८ हजार रुपये मानधन. (२०२३च्या वाढीपूर्वी ते ८ हजार होते.) म्हणजे किमान पाच वर्षे, त्यातली पहिली दोन बिनपगारी, तीही घराचे हप्ते चालू असण्याच्या वयात. ज्याचे घरचे बरे आहे त्यालाच हे परवडते. ठाकूर-कातकरी वाडीतून शिकून नोकरीला लागलेल्या, घरातल्या पहिल्या पदवीधराला नाही. या तालुक्यांना तर नेमका तोच शिक्षक हवा आहे. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर गेले की मुलाची शाळा कशी तुटते, हे त्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही.

विषय येतो म्हणून शिकवता येत नाही, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच प्रशिक्षणात सूट मागणे चूक ठरेल. मागायला हवे ते विद्यावेतन. खोपोलीच्या कारखान्यातल्या शिकाऊ उमेदवाराला १९६१च्या कायद्याने विद्यावेतन मिळते, बी.एड.च्या २० आठवड्यांच्या छात्रसेवाकाळात वर्ग सांभाळणाऱ्याला का मिळू नये? पुण्यात टेल्कोत काम करणारे अभियंते अरविंद गुप्ता १९७८मध्ये वर्षभराची रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि पुढे आयुष्यभर मुलांच्या विज्ञानात रमले. अशी रजा आज किती जणांना मिळते?

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: बी.एड. होऊन वर्षानुवर्षे नेमणुकीची वाट पाहणारे असताना अभियंत्यांना पायघड्या कशाला? पायघड्या नकोतच. राखीव जागा नको, गुणवत्ता यादीही एकच असावी; विद्यावेतन मात्र प्रत्येक छात्राध्यापकाला मिळावे, म्हणजे शेतमजुराच्या मुलीलाही त्याचा तितकाच आधार होईल. खर्च वाढेल, हे उघड आहे. म्हणून सुरुवात पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाखालच्या शासकीय आश्रमशाळांपासून करावी. तिथे नेमणूक, निधी आणि देखरेख तिन्ही सरकारच्याच हातात आहेत.