हिरकणीला सिनेमा मिळाला, १० सप्टेंबरला कधी?

मंडळी, मी हिरकणीवाडीचा. रोपवेच्या लायनीत उभी असलेली शाळेची पोरं कायम दिसतात. हिरकणी कोण, असं विचारलं की पटकन सांगतात. २०१९ चा प्रसाद ओकचा सिनेमा पाहिलेला असतो ना! पण १० सप्टेंबर १९४२ ला महाडात काय झालं, असं विचारा. एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. यात दोष पोरांचा नाही. आपण सांगितलंच नाही.

हे सगळं डोक्यात यायचं कारण, परवा '२२ जून १८९७' पुन्हा पाहिला. नचिकेत आणि जयू पटवर्धनांचा, १९७९ चा, चापेकर बंधूंवरचा सिनेमा. आपला सदाशिव अमरापूरकर त्यात टिळक झालाय. पुण्यात प्लेग, रँडचे सोजीर घराघरात घुसतायत, लोकांच्या मनात संताप साठलाय. आणि राणीच्या राज्याला ६० वर्षं झाली म्हणून गणेशखिंडीत रोषणाई! त्या रात्री दामोदरने रँडवर गोळी झाडली, बाळकृष्णाने आयर्स्टवर. दामोदर तेव्हा अठ्ठावीसचाही नव्हता. पुढे द्रविड बंधूंनी फितुरी केली, धाकट्या वासुदेवाने आणि महादेव रानड्यांनी त्यांना संपवलं. १८९८-९९ मध्ये तिघे भाऊ आणि रानडे, चौघेही फासावर गेले. एका आईचे तीन मुलगे. जरा थांबून विचार करा यावर.

आता एक गोष्ट काही जणांना खटकेल, तरी लिहितो. चापेकर सुधारकांचे कट्टर विरोधक होते. शूर होते आणि सनातनीही होते. हे लपवून सिनेमा काढला तर तो देवाचा फोटो होतो, माणसाची गोष्ट राहत नाही. आणि महाडकरांनी तरी हे लपवू नये. कारण २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते आपल्याच गावात. इंग्रज गेला तरी पाणवठा बंदच राहणार असेल तर स्वातंत्र्य कुणाचं, हा प्रश्न महाडने देशाला विचारला.

त्यानंतर १५ वर्षांनी त्याच महाडात नाना पुरोहितांच्या नेतृत्वाखाली कचेरीवर मोर्चा गेला. गोळीबार झाला. कमलाकर दांडेकर, वसंत दाते आणि त्यांचे साथीदार हुतात्मा झाले. तरणी पोरं होती हो! आज त्या वयाची आपली पोरं एमआयडीसीत नोकरी मिळते का बघत हिंडतात.

काही जण म्हणतील, सिनेमाने पोट भरतं का? नाही भरत. पण सिनेमा नसता तर या पोरांनी हिरकणीचं नाव इतक्या पटकन घेतलं असतं का? आणि आपल्याला कोटींचा सिनेमा नकोय. मोबाईल सगळ्यांकडे आहे. ज्यांनी तो मोर्चा पाहिला ती पिढी जवळपास संपली. त्यांच्याकडून ऐकलेली माणसं अजून ओट्यावर बसलेली आहेत. आजोबा घाबरले होते का, आजीने दार लावून घेतलं का, मोर्चात कोणकोणत्या आळीतली आणि कोणकोणत्या जातीची माणसं होती, ते विचारा आणि रेकॉर्ड करा. भीती पण सांगू द्या त्यांना. नुसत्या घोषणा नकोत.

येत्या १० सप्टेंबरला शाळेच्या पडद्यावर आधी '२२ जून १८९७' दाखवू, आणि मग आपल्याच माणसांची ही रेकॉर्डिंग. पडदा आणि खुर्च्यांचं मी बघतो. बिरवाडी, पोलादपूर, वाळण खोऱ्यातल्यांनी आपापल्या गावातलं बघा.

कुणाच्या घरात १९४२ ची गोष्ट आहे? खाली लिहा. दोन ओळी असल्या तरी चालतील.