वर कुणी नसेल तर खाली काहीही चालतं?

"या विश्वालाच काही अर्थ नाही, मग चांगलं-वाईट कुणी ठरवायचं?" हा सवाल हल्ली आपली कॉलेजात जाणारी मुलं करतात. विश्व १३८० कोटी वर्षांचं, आपण त्यातला धुळीचा कण, कुणाच्या दुःखाने कोणत्या ताऱ्याला फरक पडतो? त्यावर आपले बुजुर्ग कपाळाला हात लावून म्हणतात, "खुदाचं भय गेलं की माणूस जनावर होतो." दोघे भांडताना दिसतात खरे, पण मूळ मुद्द्यावर त्यांचं एकमत आहे. वर कुणी नसेल तर खाली काहीही चालतं, असं दोघेही धरून चालतात. माझं भांडण या एकमताशी आहे. माझी स्वतःची श्रद्धा काय, हा इथे प्रश्नच नाही.

२१ एप्रिल २०२१ हा दिवस नाशिककर विसरणार नाहीत. रामनवमी होती आणि रमजानचे रोजेही चालू होते. कुणी हात जोडून, कुणी हात उचलून, सगळं शहर आपापल्या माणसांसाठी मागणं मागत होतं. त्याच दिवशी महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली. आवारात पांढरे लोट पसरले, आत वॉर्डात ऑक्सिजनचा दाब घसरला, आणि त्या एका दिवशी २२ रुग्ण गेले. आकाश फाटलं नाही, हे मी मान्य करतो. पण त्यावरून सिद्ध काय होतं? विश्वाला फिकीर नाही, एवढंच. टाकीची देखभाल कुणी करायची, जादा सिलिंडर किती तयार ठेवायचे, हे प्रश्न ताऱ्यांना विचारलेले नव्हतेच. ते माणसांचे होते. ज्याला कुणी वाली नाही असं विश्व असेल, तर हे प्रश्न अधिकच आपल्या गळ्यात पडतात.

मौत का वक्त मुकर्रर है, असं आपल्याकडे म्हणतात. मय्यतीच्या घरी धीर देण्यासाठी म्हटलं तर मी समजू शकतो. पण जबाबदारी विचारली की तकदीर पुढे करणारा म्हातारा आणि 'सगळंच निरर्थक' म्हणणारा तरुण एकाच दारातून पळ काढतात. (उंट आधी बांधायची गोष्ट आपण लहान मुलांना सांगतो, मोठ्यांना कुणीच सांगत नाही.)

मुलं म्हणतील, सहानुभूती ही उत्क्रांतीने लावलेली खोड आहे. असेल. भूकही उत्क्रांतीनेच लावली, म्हणून उपाशी माणसाची भूक खोटी ठरत नाही. आणि 'कशालाच अर्थ नाही' म्हणणाऱ्या मुलाची मोटारसायकल चोरीला गेली की तो तडक पोलीस ठाण्यातच जातो.

बुजुर्गांशी मात्र जरा सविस्तर बोलायला हवं. बसरा आणि बगदादच्या मुअतझिला विचारवंतांनी हजार-बाराशे वर्षांपूर्वी मांडलं होतं की, जुलूम वाईट आहे हे माणसाची अक्कल स्वतः ओळखू शकते. हुकूम आला म्हणून तो वाईट ठरला असं नाही. पुढे सुन्नी जगात अशअरी मत वरचढ ठरलं. पण वाद आपल्याच घरातला आहे, युरोपातून आलेला नाही. अकराव्या शतकातला सीरियाचा अंध कवी अबुल अला अल-मअर्री जन्माला येणं हीच मुसीबत मानायचा, धर्मगुरूंवर त्याचा विश्वास नव्हता. तरी त्याने मांस सोडलं. मधमाशीचा मध काढून घेणंही त्याला अन्याय वाटे.

एवढं लांब तरी कशाला जायचं? आपले हमीद दलवाई उघड नास्तिक होते. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, तोंडी तलाकाविरुद्ध. १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. ३ मे १९७७ रोजी गेले तेव्हा वय अवघं ४४, आणि जाताना सांगून गेले की दफन नको, विधी नको, दहन करा. त्यांच्या मतांशी खुशाल भांडा, मीही काही ठिकाणी भांडतो. पण ज्याच्या हिशेबात ना जन्नत होती ना सवाब, तो माणूस परक्यांच्या लेकींसाठी समाजाचे शिव्याशाप खात का फिरला, याचं उत्तर "भय गेलं की जनावर" म्हणणाऱ्यांनी मला द्यावं.