खुब्याचा अस्थिभंग आणि आपले कर्तव्य

वृद्ध रुग्ण घरात घसरून पडतो, पाय टेकवत नाही आणि नातेवाईक प्रथम परिचित वैद्याकडे धाव घेतात. ‘शस्त्रक्रियेवाचून भागेल का? करायचीच तर स्क्रू बरा की नवा सांधा?’ या प्रश्नांना उत्तर देण्याइतके ज्ञान आपणांस असलेच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुश्रुताचार्यांनी भग्नाचे संधिमुक्त व कांडभग्न असे भेद करून स्थान व स्वरूप यांस महत्त्व दिले. आजही उपचार ठरतो तो स्थानावरूनच. भंग ऊर्वस्थीच्या मानेत, सांध्याच्या आवरणाच्या आत असेल, तर अस्थिशीर्षाचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. तरुणांत शीर्ष वाचविण्यासाठी, तसेच हाड सरकले नसल्यास वृद्धांतही, बहुधा स्क्रूने स्थिरीकरण करतात. वृद्धांत हाड सरकले असल्यास अर्धा वा संपूर्ण सांधा बदलणे सहसा श्रेयस्कर ठरते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फेथ’ अभ्यासात ५० वर्षांवरील ११०८ रुग्णांत सुटे स्क्रू आणि प्लेटसह सरकता स्क्रू यांची तुलना झाली. दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण अनुक्रमे २२ व २० टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच होते. अस्थिशीर्षाचा ऱ्हास मात्र ५ व ९ टक्के.

आवरणाबाहेरील भंगात रक्तपुरवठा बहुधा टिकून राहतो. तेथे सरकता स्क्रू किंवा हाडाच्या पोकळीत बसणारा नेल वापरतात. भंग अस्थिर असल्यास नेलकडे कल अधिक. २०२२ च्या कोक्रेन समीक्षेनुसार दोहोंचे फलित बरेचसे समान आहे. नेलने जंतुसंसर्ग व हाड न जुळणे कमी, परंतु साधनामुळे होणारा नवा भंग अधिक.

तात्पर्य, मतभेद आहे तो साधनाविषयी. शस्त्रक्रिया लवकर व्हावी याविषयी नव्हे.

येथे स्वतःची चूक सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एक वृद्धा काठी टेकीत माझ्याकडे आली. चालते आहे त्याअर्थी भंग नाही, असे गृहीत धरून मी तैलाभ्यंग सुचविला. आठवड्याने तिचा पाय आखूड होऊन बाहेर वळला होता. भंगाची टोके एकमेकांत रुतलेली असता रुग्ण काही पावले चालू शकतो, हे मी विसरलो. कदाचित स्क्रूवर भागले असते, तेथे सांधा बदलावा लागला.

म्हणून व्यवसायबंधूंना विनंती : पडल्यानंतर जांघेत वेदना असल्यास क्ष-किरण चित्रापूर्वी अभ्यंग नको, चित्र निर्दोष असूनही वेदना राहिल्यास एमआरआय करवावा. औषधालयचालकांनीही अशा वेळी तेलाची बाटली देऊन ग्राहकाची बोळवण करू नये. शस्त्रक्रियेनंतर लाक्षादि गुग्गुळासारखे कल्प देण्यापूर्वी रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत काय, हे विचारावे आणि शल्यचिकित्सकाशी बोलावे.

संहितेतील कपाटशयन त्या काळी योग्यच होते. आज मात्र वृद्धास महिनोन्महिने निजवून ठेवणे म्हणजे शय्याव्रण, न्यूमोनिया व रक्ताच्या गुठळ्या यांना आमंत्रण होय. सुश्रुत हे शल्यतंत्राचे आचार्य. त्यांचे नाव घेऊन आवश्यक शस्त्रक्रिया लांबणीवर टाकणे आपणांस शोभत नाही.