लोक दान देतायत, मग सामाजिक संस्थांची ओढाताण का होतेय?

मार्च महिना उजाडला की व्हॉट्सॲपवर ठरलेला मेसेज यायचा. '३१ मार्चपूर्वी देणगी द्या आणि ८०जी अंतर्गत करसवलत मिळवा.' खाली संस्थेचा बँक खाते क्रमांक आणि क्यूआर कोड.

मेसेज आजही येतो. पण तो वाचणाऱ्या बहुतेक पगारदारांना ही सवलत आता मिळतच नाही.

दुसरीकडे दान देणं कधी नव्हे इतकं सोपं झालंय. ऑगस्ट २०२५ मध्ये देशात यूपीआयवरून एका महिन्यात २ हजार कोटींहून जास्त व्यवहार झाले. कंपन्यांचा सीएसआर निधी वाढतोय. एखाद्या आजारी बाळासाठी लोक काही आठवड्यांत कोट्यवधी रुपये उभे करतात.

तरीही वसतिगृह, विशेष मुलांची शाळा किंवा गावातलं आरोग्य केंद्र चालवणाऱ्या अनेक लहान संस्था पुढच्या महिन्याचे पगार कसे द्यायचे, या विवंचनेत असतात. हे नेमकं कशामुळे होतंय? समजून घेऊया.

८०जीचं आकर्षण का ओसरलं?

आयकर कायद्यातील कलम ८०जीनुसार मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर वजावट मिळते. बहुतेक संस्थांच्या बाबतीत ही वजावट देणगीच्या ५० टक्के असते.

उदाहरण घेऊ. जुन्या कररचनेत ३० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या व्यक्तीने १० हजार रुपये दिले, तर ५ हजारांची वजावट मिळायची आणि साधारण दीड हजार रुपये कर वाचायचा. म्हणजे देणगी प्रत्यक्षात साडेआठ हजारांना पडायची.

नव्या कररचनेत ही वजावट नाही. ही रचना २०२० च्या अर्थसंकल्पात आली, तेव्हा ती ऐच्छिक होती. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तीच मूळ पर्याय झाली. ३१ जुलै २०२४ पर्यंत भरल्या गेलेल्या ७.२८ कोटी विवरणपत्रांपैकी ५.२७ कोटी, म्हणजे सुमारे ७२ टक्के, नव्या रचनेतली होती.

२०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या रचनेत १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त झालं. नोकरदारांसाठी प्रमाणित वजावट धरून ही मर्यादा पावणेतेरा लाख होते. ज्याला करच भरायचा नाही, त्याला कर वाचवण्याचं कारणही उरत नाही.

सगळे लोक कर वाचवण्यासाठीच दान देतात, असं नाही. पण मार्चअखेर हा अनेक संस्थांसाठी हंगाम असतो आणि 'कर वाचेल' हे वाक्य तेव्हा दात्याला निर्णयापर्यंत आणायचं. ते वाक्य आता अनेकांना लागू होत नाही.

संस्थांचं कागदी काम मात्र वाढलंय. २०२१-२२ पासून ८०जी मान्यता असलेल्या संस्थेला वर्षभरातल्या देणगीदारांची माहिती ३१ मेपर्यंत 'फॉर्म १०बीडी'मध्ये द्यावी लागते. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. रोख देणगी २ हजारांवर गेली, तर तिच्यावर वजावट मिळत नाही. एकच हिशेबनीस असलेल्या संस्थेवर याचा बराच ताण येतो.

मग लोकांचा पैसा जातो कुठे?

भारतीय कुटुंबं सढळ हातानं देतात. अशोका विद्यापीठाच्या 'हाउ इंडिया गिव्हज्' या अभ्यासानुसार २०२०-२१ मध्ये घराघरातून दिल्या गेलेल्या दानाचा अंदाज सुमारे २३,७०० कोटी रुपये होता. त्यातले सुमारे ७० टक्के धार्मिक संस्थांकडे गेले. बिगरधार्मिक संस्थांच्या वाट्याला आले सुमारे ५ टक्के.

म्हणजे सामाजिक संस्थांचा वाटा मुळातच लहान आहे. आता त्या वाट्यातही स्पर्धा वाढलीय.

मिलाप, केटो, इम्पॅक्ट गुरू अशा क्राउडफंडिंग प्लॅटफॉर्ममुळे दाता थेट रुग्णापर्यंत पोहोचतो. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका बाळाला स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या दुर्मीळ आजारावर सुमारे १६ कोटी रुपयांचं औषध हवं होतं. लोकांनी पैसे उभे केले. केंद्र सरकारने त्यावरचा सुमारे ६ कोटींचा आयात शुल्क आणि कराचा भार माफ केला.

अशा मोहिमांमुळे जीव वाचतात, त्यामुळे त्यांना नावं ठेवण्याचं कारण नाही. पण त्यातून एक सवय लागते. फोटो, नाव, रक्कम आणि मुदत दिसली की माणूस पटकन पैसे देतो. 'आमच्या वसतिगृहाचं वीजबिल भरायचंय' ही पोस्ट मात्र तो पुढे सरकवतो. कुपोषण कमी करण्याच्या दहा वर्षांच्या कामाला एक चेहरा नसतो आणि मुदतही नसते.

सीएसआरचा पैसा पुरत नाही का?

२०१४ पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक आहे. २०२२-२३ मध्ये हा खर्च जवळपास ३० हजार कोटी होता. राज्यांमध्ये सर्वाधिक निधी मिळवणाऱ्यांत महाराष्ट्र आघाडीवर आहे.

पण या पैशाची दिशा कंपनी ठरवते. कायदाही कंपनीच्या आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो. त्यामुळे जिथे उद्योग जास्त, तिथे निधी जास्त. मुंबई-पुणे पट्ट्यातली संस्था आणि नंदुरबारमधली संस्था एकाच रांगेत उभ्या नसतात.

दुसरी अडचण पैसा कशासाठी मिळतो याची. सीएसआर निधी बहुतेक वेळा प्रकल्पाला मिळतो. शंभर टॅब, दोन वर्गखोल्या, एक फिरता दवाखाना. प्रकल्प संपला की निधी संपतो. पण कार्यालयाचं भाडं, हिशेबनीसाचा पगार, कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण सुरूच असतं. ब्रिजस्पॅन या सल्लागार संस्थेच्या भारतातल्या सर्वेक्षणात ८० टक्क्यांहून अधिक संस्थांनी असे अप्रत्यक्ष खर्च भागवायला पैसे मिळत नसल्याचं सांगितलं होतं.

इथे एक गैरसमजही आहे. सीएसआर नियमांत प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा आहे. ती कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागावर करायच्या खर्चाची आहे, संस्थेच्या खर्चाची नाही. तरी 'तुमचा ॲडमिन खर्च किती?' हा प्रश्न विचारताना अनेकांच्या डोक्यात तोच आकडा असतो.

परदेशी पैशाचं काय झालं?

२०२० मध्ये परदेशी देणगी नियमन कायद्यात, म्हणजे एफसीआरएमध्ये मोठे बदल झाले. परदेशी देणगी आता आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली.

लहान संस्थांना सर्वांत जास्त झळ तिसऱ्या बदलाची बसली. एका संस्थेला मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देण्यावर पूर्ण बंदी आली. आधी शहरातली मोठी संस्था निधी मिळवून गावातल्या छोट्या संस्थांना वाटून द्यायची. तो रस्ता बंद झाला.

त्यानंतर २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी परदेशी मदत ९० दिवसांसाठी थांबवण्याचा आदेश काढला. हैदराबाद, कल्याण आणि पुण्यात ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी चालणारी 'मित्र' क्लिनिक यूएसएडच्या मदतीवर अवलंबून होती. ती बंद करावी लागली. वॉशिंग्टनमधल्या एका सहीचा परिणाम काही आठवड्यांत कल्याणमध्ये दिसला, कारण ते काम एकाच मोठ्या देणगीदारावर उभं होतं.

लहान पण नियमित देणगी का महत्त्वाची?

कर, सीएसआर आणि परदेशी निधी, या तिन्ही ठिकाणी अडचण एकच दिसते. देशात दानाचा पैसा आहे, पण संस्थेला स्वतःच्या गरजेप्रमाणे वापरता येईल असा, दरमहा येणारा पैसा कमी आहे.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करत 'पैसा फंड' उभा केला. त्यातून १९०८ मध्ये तळेगावात काच कारखाना सुरू झाला. अलीकडचं उदाहरण म्हणजे 'लोकसत्ता'चा 'सर्वकार्येषु सर्वदा' हा उपक्रम. २०११ पासून गणेशोत्सवात दहा संस्थांची ओळख करून दिली जाते आणि वाचक त्यांना देणग्या पाठवतात.

आज यूपीआय ऑटोपेमुळे महिन्याला १०० रुपये देणंही शक्य आहे. हिशेब करून पाहा. ५०० लोकांनी दरमहा २०० रुपये दिले, तर संस्थेला महिन्याला १ लाख रुपये मिळतात. त्यात चार-पाच कार्यकर्त्यांचे पगार निघू शकतात. शिवाय २० जणांनी देणगी थांबवली, तरी काम थांबत नाही.

सरकारनेही एक नवा मार्ग उघडलाय. सोशल स्टॉक एक्स्चेंजवर नोंदणी केलेल्या संस्था शेअर बाजाराच्या व्यवस्थेतून निधी उभारू शकतात. यात पैसे परत मिळत नाहीत, पण झालेल्या कामाचा अहवाल मिळतो. मार्च २०२५ मध्ये सेबीने किमान रक्कम १० हजारांवरून १ हजारावर आणली. मात्र त्यासाठी लागणारी कागदपत्रं आणि लेखापरीक्षण लहान संस्थांना जड जातं.

देणगी देण्यापूर्वी काय तपासाल?

- संस्था धर्मादाय आयुक्तांकडे किंवा कंपनी कायद्याखाली नोंदलेली आहे का?
- नीती आयोगाच्या 'एनजीओ दर्पण' पोर्टलवर तिची माहिती आहे का?
- पैसे संस्थेच्या नावाच्या खात्यात जातायत ना? क्यूआर कोड स्कॅन केल्यावर एखाद्या व्यक्तीचं नाव दिसलं, तर थांबा आणि फोन करून खात्री करा.
- रुग्णासाठीचं आवाहन असेल, तर रुग्णालयात चौकशी करा. शक्य असेल तर पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात भरा.
- प्लॅटफॉर्मवर पैसे भरताना 'टिप' म्हणून आधीच एखादी रक्कम धरलेली असू शकते. ती कमी करता येते का, ते पाहा.
- जुन्या कररचनेत असाल आणि वजावट हवी असेल, तर पावतीबरोबर 'फॉर्म १०बीई' हे प्रमाणपत्र मागा.

आणि प्रशासकीय खर्चाबद्दल विचारताना एक गोष्ट लक्षात ठेवा. वसतिगृहातल्या मुलांना वेळेवर जेवण मिळतं, तेव्हा स्वयंपाक करणाऱ्या ताईंचा पगार कुठून तरी झालेला असतो. तुमची देणगी त्या पगारासाठी वापरली गेली, तरी ती मुलांपर्यंतच पोहोचलेली असते.